चाकांचं वजन कसं काढायचं, आणि २८ हजार खर्चून नेमकं किती वाचतं?

चढणवाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ॲल्युमिनियम फ्रेमची, रिम ब्रेकची रोड बाईक आहे. आठ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच), चाकं कंपनीनं सायकलबरोबर दिलेलीच. सुट्टीच्या दिवशी सिंहगड आणि मधूनमधून दोनशेची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची दोनशे किलोमीटरची राइड), एवढं माझं सायकलिंग. हलकी चाकं घ्यावीत असं बरेच दिवस मनात होतं. दुकानात विचारलं तर ॲल्युमिनियम रिमच्या एका जोडीची किंमत २८ हजार सांगितली. माहितीपत्रकावर जोडीचं वजन १५६० ग्रॅम. दुकानदार म्हणाला, "किलोभर तरी वजन उतरेल." २८ हजार ही माझ्यासाठी मोठी रक्कम आहे. म्हणून आधी घरी बसून आपल्या चाकांचा एकेक भाग सुटा करून वजन घेतलं.

काटा स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चाक थेट काट्यावर ठेवलं की आकडे तारांखाली झाकले जातात. त्यासाठी काट्यावर एक पातेलं पालथं घातलं, शून्य केलं आणि त्यावर चाक आडवं ठेवलं. चाक डगमगायचं थांबेपर्यंत आकडा दोन-तीन ग्रॅम मागेपुढे होतो. म्हणून प्रत्येक वजन तीनदा घेऊन मधला आकडा धरला.

पुढचं नुसतं चाक ८४५ ग्रॅम
मागचं नुसतं चाक १०९५ ग्रॅम
दोन टायर, तारेच्या कडेचे (कडेत धातूची तार असलेले), २५ मिमी: ६८५ ग्रॅम
दोन साध्या ब्यूटाइल (रबरी) ट्यूब: २१३ ग्रॅम
दोन रिम टेप: ३६ ग्रॅम
क्विक रिलीजच्या (चाक फ्रेमला आवळणाऱ्या) दोन दांड्या: १२८ ग्रॅम
कॅसेट: ३४५ ग्रॅम

एकूण ३३४७ ग्रॅम. हे बघून पहिला प्रश्न असा पडला की माहितीपत्रकातले १५६० ग्रॅम यातल्या कुठल्या आकड्याशी ताडून बघायचे? आणि दुसरा, जे काही वाचेल त्याने सिंहगडावर खरंच काय फरक पडेल? जाणकारांनी आकड्यांत सांगावं. मी साधारण ८० किलो, सायकल दहाच्या आसपास.

दातेरी

असा धागा कधीपासून हवा होता. लोक चाकं घेऊन झाल्यावर वजन करतात, तुम्ही आधी केलंत हे फार चांगलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कंपन्या चाकाचं वजन सांगतात ते नुसत्या चाकाचं. म्हणजे रिम, तारा, निपल (तार रिमला आवळणारी छोटी नळी) आणि हब (चाकाचा मधला भाग), संपलं. रिम टेप, क्विक रिलीज, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह, कॅसेट यातलं काही धरत नाहीत. त्यामुळे तुमची तुलना १९४० विरुद्ध १५६० अशी व्हायला हवी. फरक ३८० ग्रॅम. किलोभराची गोष्ट कुठून आली असेल याचा अंदाज आहे. टायर-ट्यूबसकट काढलेलं चाक एका हातात आणि नवं कोरं नुसतं चाक दुसऱ्या हातात दिलं, की कोणालाही फरक किलोच्या वर वाटणार.

आणखी एक, छापील वजन आणि काट्यावरचं वजन यात थोडी तफावत चालतेच. रिम ही साच्यातून ओढून काढलेली वस्तू आहे, एकाच मॉडेलच्या दोन रिममध्ये दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज निघतो. त्यामुळे खोका उघडून समोर काट्यावर ठेवायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

बॅग टांगायचा हुकवाला काटा मात्र या कामाला घेऊ नका. तो पन्नास ग्रॅमच्या टप्प्यात चालतो, आणि इथे पन्नास ग्रॅमवरच तर सगळी चर्चा आहे.

खंबाटकी

३८० म्हणजे कमी वाटतंय, पण हे फिरणारं वजन आहे हे विसरू नका. चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन ग्रॅम, हे सगळेच मान्य करतात. मी एकदा मित्राची हलकी चाकं लावून खंबाटकी घाट चढलो होतो. पॅडल मारलं की सायकल झटकन पुढे जात होती. हा फरक पायांना कळतो. माझं मत, पैसे जमत असतील तर घ्या. सायकलवर करण्यासारखा तो पहिला खर्च आहे.

वॉटमीटर

खंबाटकी, दुप्पट धरण्याचा नियम बरोबर आहे, पण तो एका ठिकाणीच लागू होतो, वेग वाढवताना. चढावर तो लागू होत नाही. सविस्तर लिहितो, कारण याच एका मुद्द्यावर लोकांचे सर्वात जास्त पैसे जातात.

आधी सिंहगडाचा चढ. गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण नऊ किलोमीटर आणि उंची सुमारे ६०० मीटर धरू. वजन वर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. वजन फिरतंय की स्थिर आहे याच्याशी गुरुत्वाकर्षणाला देणंघेणं नाही. समजा अर्धा किलो वाचवलं, तर ०.५ × ९.८ × ६०० = २९४० ज्यूल. २०० वॉटने पॅडल मारणाऱ्याला तेवढं काम करायला पंधरा सेकंद लागतात. चढणवाट यांच्या ३८० ग्रॅमचे होतात अकरा. माणूस-सायकल मिळून ९० किलो आणि २०० वॉट धरले तर हा चढ साधारण पन्नास मिनिटांचा आहे. त्यात अकरा सेकंद.

आता वेग वाढवणं. चाकाच्या कडेवरचं वजन पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून त्याची गतिज ऊर्जा दुप्पट. कडेवरचे ४०० ग्रॅम शून्यापासून ताशी ३० पर्यंत न्यायला सुमारे २८ ज्यूल लागतात. संपूर्ण ९० किलो त्याच वेगाला न्यायला ३१०० हून जास्त. म्हणजे एक टक्क्याच्या आतला मामला. २०० वॉटला २८ ज्यूल म्हणजे सेकंदाचा सातवा भाग. कर्वे रोड ते स्वारगेट पन्नास सिग्नल लागले असं धरलं तरी एकूण सात सेकंद.

आणि दुप्पट हे फक्त अगदी कडेच्या वजनाला. टायर, ट्यूब, रिम जवळजवळ पूर्ण दुप्पट. तारा हबपासून रिमपर्यंत पसरलेल्या असतात, त्यांच्या फिरण्याचा वाटा कडेच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास. हब आणि कॅसेट आसाजवळ आहेत, त्यांचं फिरणं हिशेबात धरायचीही गरज नाही. म्हणून "३८० ग्रॅम वाचले" एवढ्याने भागत नाही, कुठले ३८० ते बघायला हवं. हलक्या जोडीतली बरीचशी बचत हबमध्ये असेल तर ती फिरणाऱ्या वजनाची बचत नाहीच.

चाकजोडणी

वॉटमीटरने म्हटलं कुठले ग्रॅम ते बघा, म्हणून चढणवाट यांची चाकं कागदावर उलगडून दाखवतो. मी बरीच वर्षं चाकं विणतोय, त्यामुळे हे आकडे हाताखालचे आहेत. चढणवाट, तुमच्या पुढच्या चाकाला २४ आणि मागच्याला २८ तारा असाव्यात, या दर्जाच्या चाकांत हीच जोडी बऱ्याचदा दिसते.

साधी दोन मिलिमीटरची सरळ तार या लांबीत साडेसात ग्रॅमच्या आसपास भरते. पितळी निपल एक ग्रॅम. म्हणजे पुढे २४ × ८.५ = २०४ ग्रॅम. पुढचा साधा हब दीडशे. ८४५ मधून हे वजा केलं की रिम उरते ४९१. मागे २८ × ८.५ = २३८, हब सुमारे ३७०, रिम ४८७. दोन्हीकडून रिम ४९० च्या जवळ येतेय, म्हणजे हिशेब जुळतोय.

आता कुठे किती सुटतं ते बघू. चांगली ॲल्युमिनियम रिम ४२५ ते ४७० मध्ये मिळते, म्हणजे चाकामागे वीस ते पासष्ट ग्रॅम. मध्यभागी बारीक केलेली तार, दोन्ही टोकांना २.० आणि मध्ये १.८, घेतली तर तारेमागे जेमतेम एक ग्रॅम. ५२ तारांत पन्नास. सपाट केलेल्या महागड्या तारा घेतल्या तर तारेमागे अडीच-तीन ग्रॅम, पण तारेची किंमत कित्येक पटींनी चढते. पितळी निपल बदलून ॲल्युमिनियमचे घातले तर ३४ ग्रॅम. उरलेलं सगळं हबमध्ये. ३८० मधले निम्मे किंवा जास्त ग्रॅम हबमध्ये आणि तारांत निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मध्ये बारीक केलेली तार मी तरीही सुचवतो, पण वजनासाठी नाही. तार तुटते ती जवळजवळ नेहमी हबपाशी, कोपराच्या वळणावर, आणि त्यातही मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूला. जाड सरळ तार ताणत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट त्या कोपरावर येतो. मध्ये बारीक असलेली तार मधल्या भागात थोडी ताणते आणि कोपराचा ताण हलका करते. म्हणजे हलकी तार इथे जास्त टिकाऊ आहे. पुण्याच्या पावसाळी रस्त्यांवर याचं मोल सेकंदांपेक्षा खूप जास्त आहे.

उलट बाजूही सांगतो. २०-२४ तारांचं हलकं चाक ८० किलोच्या माणसाला चालेल, पण त्यातली एक तार तुटली की चाक इतकं आउट होतं की ब्रेकला घासून फिरतच नाही. ३२ तारांच्या चाकाची एक तुटली तर ब्रेक थोडा सैल करून घरी येता येतं. बीआरएमला रात्री दोन वाजता हायवेच्या कडेला उभं असताना हा फरक कळतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या, त्या उगाच नव्हे. त्यावर धान्याची पोती आणि दुधाचे कॅन जायचे.

रानवाट

काका, ४० तारांच्या चाकाचं वाचून घरची सायकल आठवली, मस्त माहिती.

मी साताऱ्याची. यवतेश्वर घाटाने कासला जाणं हा आमचा नेहमीचा रस्ता. चढणवाट, तुम्ही टायरवर काहीच बोलला नाहीत. ६८५ ग्रॅमचे दोन टायर म्हणजे ते जाड, तारेच्या कडेचे, पंक्चर न होण्यासाठी घेतलेले असणार. बदलण्याआधी ते का घेतले होते ते आठवा. हायवेच्या खांद्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये घुसतात, बाहेरून दिसत नाहीत आणि ट्यूब बदलली की पुन्हा पंक्चर करतात. गावाकडच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे. एक पंक्चर म्हणजे दहा-पंधरा मिनिटं जातात. तुमचे अकरा सेकंद वसूल व्हायला सिंहगडाच्या किती फेऱ्या लागतील ते बघा.

माझ्या मते हलक्या टायरची किंमत रुपयांत जितकी आहे त्याहून जास्त ती रस्त्यावर मोजावी लागते. निदान आमच्या भागात तरी.

वॉटमीटर

रानवाट, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. पण टायरच्या बाबतीत वजन ही दुय्यम गोष्ट आहे. खरी गोष्ट म्हणजे टायर रस्त्यावर चेपताना रबरात वाया जाणारी ऊर्जा.

चांगल्या नरम रबराचा, पातळ बाजूंचा टायर आणि जाड, कडक टायर यांच्या रोधाच्या गुणांकात ०.००२ चा फरक सहज असतो, बऱ्याचदा त्याहून जास्त. ९० किलोला ०.००२ × ९० × ९.८ = १.७६ न्यूटन. सिंहगडाचे ९००० मीटर धरले तर सुमारे १५,९०० ज्यूल. २०० वॉटला ८० सेकंद. हलक्या चाकांचे अकरा सेकंद आणि चांगल्या टायरचे ८०, दोन्ही शेजारी ठेवा. सपाटीवर ताशी ३० च्या वेगाला हाच फरक पंधरा वॉटच्या आसपास येतो, आणि तो पूर्ण दिवसभर चालू राहतो. दोनशेच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले आठ-नऊ तास सपाट रस्त्यावर गेले तर पंधरा वॉट ही थट्टा नाही.

पंक्चरचं म्हणाल तर मध्यम मार्ग आहे. कॉन्टिनेंटलच्या जीपी ५००० सारख्या टायरमध्ये तळाला पंक्चर रोखणारा पट्टा असतो. त्याच कंपनीच्या जाड गॅटरस्किन टायरइतका तो दणकट नाही, पण शर्यतीच्या कागदी टायरसारखाही नाही. रुंदी २५ ऐवजी २८ घेतली आणि हवा कमी ठेवली तर तार आत शिरण्याचं प्रमाणही थोडं घटतं. तुमच्या फ्रेमच्या ब्रेकमधून २८ जातो का ते बघावं लागेल.

वाऱ्याविरुद्ध

नेदरलँड्समधून लिहितोय. इथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. तुम्ही जे ग्रॅम मोजताय ते मला इथे जाणवतच नाहीत, आणि वारा मात्र रोज जाणवतो. म्हणून दुसऱ्या बाजूने भर घालतो.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना वजनाला किती कमी अर्थ आहे याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे तासाचा विक्रम. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ ला मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले. त्याच्यासाठी बनवलेली सायकल पावणेसहा किलोच्या आसपास होती, ग्रॅम-ग्रॅम कमी करून, भोकं पाडून हलकी केलेली. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ८ ऑक्टोबर २०२२ ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखेनमध्ये ५६.७९२ किलोमीटर केले. जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही, म्हणजे गान्नाची सायकल मर्क्सच्या सायकलीहून किलोभर तरी जड. आणि अंतर सात किलोमीटरने जास्त. बसण्याची पद्धत, कपडे, चाकांचा आकार, वाऱ्याचा अभ्यास, सगळं त्यात आलं. हलकेपणा त्यात नव्हता.

पण म्हणून चढणवाट यांनी खोल रिम घ्यावी असं मी म्हणणार नाही. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ४० ला खोल रिमने वाचणारे वॉट ताशी २५ ला चौथ्या भागावर येतात. शिवाय आडवा वारा लागला की खोल रिमचं पुढचं चाक हॅण्डल हातातून ओढतं, इथे समुद्राकाठच्या बांधावर हे वारंवार होतं.

आणखी एक, बीआरएमवाल्यांसाठी. माझ्या पुढच्या चाकात डायनॅमो हब (चाक फिरताना दिव्यासाठी वीज बनवणारा) आहे, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साध्या हबपेक्षा अडीचशेने जास्त. सहाशेच्या बीआरएमला ४० तासांची मुदत असते, रात्र रस्त्यावरच जाते. त्या रात्री दिव्याची बॅटरी संपण्याची काळजी नसणं मला या अडीचशे ग्रॅमपेक्षा खूप मोलाचं वाटतं. आणि ते वजन आसावर आहे, कडेवर नाही.

चढणवाट

सर्वांचे मनापासून आभार. एवढं कोणी दुकानात सांगत नाही. सगळं वाचून मी रुपयांत हिशेब मांडला: एक ग्रॅम कमी करायला किती रुपये?

काका, तारांचा अंदाज अचूक आहे, पुढे २४ आणि मागे २८ च आहेत.

नवी चाकं: २८,००० रुपये, ३८० ग्रॅम. ग्रॅमला ७४ रुपये.

टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूब: मला दोन मिळून २००० रुपयांत मिळतायत, प्रत्येकी ३७ ग्रॅमच्या. आताच्या २१३ ऐवजी ७४, म्हणजे १३९ ग्रॅम कमी. ग्रॅमला १४ रुपये.

घडीचे (कडेत तार नसलेले, घडी घालता येणारे) चांगले टायर, २५ मिमी: दोन मिळून ९६००. छापील वजन प्रत्येकी २१५ ते २२०. आताच्या ६८५ ऐवजी ४३५ धरले तर २५० ग्रॅम. ग्रॅमला ३८ रुपये.

टायर आणि ट्यूब मिळून ११,६०० रुपयांत ३८९ ग्रॅम. म्हणजे नव्या चाकांपेक्षा नऊ ग्रॅम जास्त, निम्म्याहून कमी पैशांत. शिवाय हे सगळं वजन अगदी कडेवरचं, आणि वॉटमीटरचे ८० सेकंद वेगळे. आकडे समोर आल्यावर मला तरी यात दुमत वाटत नाही. खंबाटकी, तुम्हाला काय वाटतं?

रानवाट, बीआरएमसाठी जुने टायर ठेवतोय. नवे सिंहगडसाठी.

खंबाटकी

तुमचा हिशेब बिनतोड आहे, पैशाच्या बाजूने मी काही बोलत नाही. पण मला त्या दिवशी जे जाणवलं ते खोटं नव्हतं, यावर मी ठाम आहे. उभं राहून पॅडल मारताना सायकल डावी-उजवीकडे हलते, तेव्हा हलकं चाक वेगळंच वागतं. घड्याळात दिसत नसेल, पण चालवण्यातला आनंद घड्याळात कुठे मोजतात? ज्याला ती मजा हवी त्याने त्यासाठी पैसे द्यावेत, यात काही गैर नाही.

वॉटमीटर

खोटं मुळीच नव्हतं. जाणवण्याला कारणं आहेत. पुढच्या चाकाचं कडेचं वजन कमी झालं की हॅण्डल वळवायला आणि सायकल डोलवायला कमी जोर लागतो, हे हाताला लगेच कळतं. हबमधलं रॅचेट (पॅडलची पकड चाकाला देणारी दातेरी यंत्रणा) बारीक दातांचं असेल तर पॅडल मारल्याबरोबर पकड येते, तुम्ही म्हणता तो "झटकन" बऱ्याचदा तिथून येतो. आणि मित्राच्या चाकांवर टायर कुठले होते? हलक्या चाकांवर लोक चांगलेच टायर चढवतात. दोन चाकांची तुलना करायची तर एकच टायर, एकच हवा ठेवून करायला हवी.

खंबाटकी

टायर मित्राचेच होते, शर्यतीचे. तो मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी हॅण्डलच्या हलकेपणाचं माझं म्हणणं कायम.

समुद्रकाठ

रत्नागिरीहून. दोन गोष्टी, दोन्ही टिकाऊपणाच्या.

ॲल्युमिनियमचे निपल खाऱ्या हवेत घेऊ नका. पितळी निपल वर्षानुवर्षं फिरतात. ॲल्युमिनियमचे निपल तारेला आतून धरतात आणि पांढरी भुकटी होऊन बसतात. चाकाचा आउट काढायला किल्ली लावली की निपल गोल फिरण्याऐवजी तुटतो. कार्बन रिम असेल तर हे आणखी लवकर होतं. ३४ ग्रॅमसाठी ते करू नये.

दुसरं, टीपीयू ट्यूब आणि रिम ब्रेक. सिंहगड उतरताना सतत ब्रेक दाबून रिम चांगलीच तापते, हात लावला तर चटका बसतो. काही कंपन्या त्यांच्या सर्वात पातळ टीपीयू ट्यूब फक्त डिस्क ब्रेकसाठी आहेत असं खोक्यावर छापतात. चढणवाट, घेताना तेवढं नक्की वाचा. रिम ब्रेकला चालणाऱ्या ट्यूब वेगळ्या असतात, पाच-दहा ग्रॅम जड. आणि टायरमध्ये घालण्याआधी त्यात हवा भरून बघायची सवय असेल तर ती सोडा. ब्यूटाइल फुगून पुन्हा मूळ आकाराला येते, टीपीयू ताणली की ताणलेलीच राहते. आकार येईल इतकीच हवा. ठिगळही वेगळं लागतं, नेहमीचं रबरी ठिगळ तिला चिकटत नाही.

दातेरी

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात दाबून सोडावा. मध्ये रिमला वारा लागून ती निवते. कुठल्याही ट्यूबला हे बरं.

चढणवाट

टायर आणि ट्यूब घेतल्या. ट्यूब रिम ब्रेकला चालणाऱ्याच बघून घेतल्या, समुद्रकाठ, धन्यवाद. काट्यावरचे आकडे: टायर २२१ आणि २१८, ट्यूब ४२ आणि ४३. एकूण ५२४. जुने टायर-ट्यूब ८९८ होते, म्हणजे ३७४ ग्रॅम उतरले.

टायर घडीचे असल्याने चढवताना दमछाक झाली. शेवटचा वीतभर भाग रिमवर जातच नव्हता. टायरची कड पूर्ण गोलाभर रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणली तेव्हा अंगठ्यांनीच बसला, लिव्हर लावावी लागली नाही. टीपीयू ट्यूब लिव्हरने चिमटायची भीती होती, ती गेली. हवा आधीच्या ११० ऐवजी ८५ पीएसआय ठेवली. खराब रस्त्यावर हातांना बसणारे हादरे स्पष्ट कमी झालेत.

हे करताना एक नवी गोष्ट लक्षात आली. टायर काढल्यावर रिमच्या ब्रेक लागतो त्या बाजूवर बोट फिरवलं. मागच्या रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच अजून नखाला लागते. पुढच्या रिमची खाच जवळजवळ दिसेनाशी झाली आहे, आणि बाजू थोडी आत दबल्यासारखी वाटते. काका, हे किती काळजीचं?

चाकजोडणी

काळजीचं आहे. खाच गेली म्हणजे रिमची बाजू पातळ झाली. टायरमधली हवा ती बाजू सतत बाहेर ढकलत असते, आणि पातळ झालेली बाजू एक दिवस फाटते. ब्रेक दाबलेला असतानाच फाटण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात वाळू अडकते, तेव्हा एका मोसमात वर्षाची झीज होते. पुढचं चाक आता उतारावर वापरू नका.

आनंदाची बाब अशी की तुमचा दुसरा खर्च कुठे करायचा हे आता ठरलं. पूर्ण जोडी घ्यायची गरज नाही. पुढच्या हबचे बेअरिंग चांगले असतील तर फक्त रिम आणि तारा बदलू. २४ भोकांची, ४५० ग्रॅमच्या आसपासची, रिम ब्रेकची रिम शोधा. आतली रुंदी १७ मिमी असली तर उत्तम, २५ चा टायर त्यावर जास्त नीट बसतो. रिमला हूक (टायरची कड धरणारा आतला ओठ) असलेलीच घ्या. बिनहुकाच्या रिमला हवेची कमाल मर्यादा पाच बार (सुमारे ७२ पीएसआय) आणि टायरही ठरावीकच चालतात, तुमच्या ८५ पीएसआयला ती चालणार नाही. मध्ये बारीक केलेल्या तारा आणि पितळी निपल. सगळं मिळून साठ-पासष्ट ग्रॅम सुटतील.

पुढे कधी मागचं चाक बदलायची वेळ आली तर दोन मापं लक्षात ठेवा. तुमच्या फ्रेमला मागचा हब १३० मिमीचा लागतो. डिस्कच्या सायकलींचे १३५ किंवा १४२ चे हब त्यात बसत नाहीत. आणि आता मिळणारे बहुतेक रोड हब अकरा गिअरच्या रुंदीचे असतात. त्यावर आठची कॅसेट बसते, पण तिच्या मागे १.८५ मिमीची चकती घालावी लागते. नाही घातली तर कॅसेट घट्ट केल्यावरही खुळखुळत राहते.

रिम घेतलीत की तारांची लांबी काढायला तिचा आतला व्यास मोजून पाठवा, कंपनीचा छापील आकडा नको. दोन जुन्या तारा घ्या आणि प्रत्येकीवर निपल चढवा, तारेचं टोक निपलच्या डोक्यातल्या खाचेशी येईपर्यंत. मग दोन्ही तारा प्रत्येकी बरोबर २०० मिमीवर कापा, निपलच्या डोक्यापासून मोजून. रिमच्या समोरासमोरच्या दोन भोकांत त्या घाला, आत ओढून ताणून धरा आणि कापलेल्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. त्यात ४०० मिळवले की व्यास. एकाच जागी मोजू नका, चाकाचा पाव भाग फिरवून पुन्हा मोजा. दोन मापांत एक मिलिमीटरहून जास्त फरक आला तर रिमच गोल नाही, ती परत करा.